उंबरा खाली बसला

उंबऱ्यावरून पियाला द्यायचा नाही, हा तोजिखानआत्यांचा कायदा होता आणि त्याच्यावर अपील नव्हतं. त्यापायी गेला अख्खा हिवाळा ओयदिनची कवायत चालली होती. सासूबाईंनी, म्हणजे मुतबरने, आत चाकांच्या खुर्चीत बसून चहा ओतायचा. ओयदिनने पियाला त्यांच्या हातून घ्यायचा, उजवा पाय आधी टाकून उंबरा ओलांडायचा आणि दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या आत्यांच्या हातात तो द्यायचा. दोघी म्हाताऱ्या नणंदा-भावजया हातभर अंतरावर. एकीला शिंक आली तर दुसरीने रुमाल सावरावा, इतक्या जवळ. पण मध्ये उंबरा होता. तुतीच्या लाकडाचा, चांगला रुंद, आत्यांच्या वडिलांनी स्वतः तासून बसवलेला. त्याच्यावरून हात मिळवायचा नाही, गळाभेट घ्यायची नाही, काही द्यायचं-घ्यायचं नाही.

"चहा फिका आहे," आत्या बाहेरून म्हणायच्या.

"इथून निघाला तेव्हा कडक होता, वन्सं," मुतबर आतून म्हणायची. "वाटेत दमला असेल."

कडाक्याच्या थंडीतही आत्या आत येत नसत. कापूस भरलेला जाड चपान, तो लांब डगला, अंगावर घेऊन बाकावर बसून राहत. का, तर म्हणे घरात चुलीचा धूर लागतो. घरात चूल नव्हती. गॅसची शेगडी येऊन थोरल्या मुलाच्या, ओरिफच्या, वयाइतकी वर्षं झाली होती. मुतबरने हे कधी बोलून दाखवलं नाही. तिने उभा जन्म रिश्तानच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवण्यात घालवला होता. मूल खोटं का बोलतंय हे एकदा कळलं, की ते खोटं आहे हे सांगायची घाई करायची नसते.

स्वतः मुतबरही बाहेर जात नव्हती. शरदात मणक्याचं ऑपरेशन होऊन ती घरी आली, पण पाय काही परत आले नाहीत. खुर्चीचं तिला फारसं दुःख नव्हतं. खुर्ची तिने आठवड्याभरात अशी काबूत आणली की नातवंडं शर्यत लावायला घाबरत. दुःख होतं ते दाराचं. बाहेर जायचं म्हटलं की धाकटा मुलगा, ओयदिनचा नवरा इक्बोल एका बाजूने आणि शेजारचा कोणी दुसऱ्या बाजूने खुर्ची उचलायचा, पेटारा उचलावा तशी. पहिल्या बर्फाच्या दिवशी असंच उचलताना इक्बोलच्या पाठीत उसण भरली. तो हसत राहिला, पण त्याचा चेहरा पांढरा पडलेला तिने पाहिला होता. "आता पुरे," ती म्हणाली. त्यानंतर अंगण तिने काचेतूनच पाहिलं. द्राक्षाच्या मांडवाखाली ती ज्या मुलांना अक्षरं गिरवायला बसवायची, ती मुलं आता आत यायची आणि दाराशी बुटांचा डोंगर रचायची.

आणि अशात नवरोज उलटून गेल्यावर एका शुक्रवारी ओरिफ ताश्कंदहून आला.

ओरिफ मोठा. दातांचा डॉक्टर. लोकांना 'आ' करायला लावून मग बोलत राहायची त्याला सवय, त्यामुळे समोरचा उत्तर देईल हे तो विसरून जायचा.

"आई, मी सगळं ठरवलंय," जेवणाच्या चादरीशी बसल्या बसल्या तो म्हणाला. "माझ्याकडे चल. तिथे लिफ्ट आहे, दारं रुंद आहेत, फरशी आरशासारखी आहे. बटण दाबलं की खाली."

"आणि खाली काय आहे?"

"खाली... गाड्या लावायची जागा आहे."

"मग मी गाड्यांना अक्षरं शिकवीन," मुतबर म्हणाली.

ओयदिन खुदकन हसली आणि नान तोडण्यात गुंतल्यासारखं केलं. इक्बोल मात्र हसला नाही. तो कुंभार, बोलण्यापेक्षा हात चालवायची त्याला सवय. त्याने चादरीवरचा एक जाड नान पुढे ओढला.

"दादा, हे बघ. हा नान म्हणजे आपलं घर. ही चादर म्हणजे अंगण. घर वीतभर उंच, वर उंबरा आणखी उंच. आपण अंगण दूरपासून हळूहळू चढवत आणायचं, दाराशी घराच्या बरोबरीला. मध्ये पायरी नाही, काही नाही. आई स्वतः बाहेर, स्वतः आत."

"आणि पाऊस?" ओरिफ म्हणाला. "उंबरा काय हौसेने ठेवलाय? एप्रिलमध्ये या अंगणात तळं होतं. तुझ्या त्या सपाट दारातून पाणी थेट आईच्या खाटेखाली जाईल."

"म्हणून दाराच्या तोंडाशी चर ठेवायचा. त्यावर लोखंडी जाळी. फटी बारीक, आडव्या, खुर्चीची पुढची चाकं अडकणार नाहीत अशा. उतार दारापासून बाहेरच्या बाजूला. तरी पाणी आलंच, तर चरात पडेल, चरातून अंगणाखालच्या नळीत, नळीतून गल्लीतल्या पाटात."

"नळी कुठली?"

इक्बोलने मान खाली घातली. "मी भाजून ठेवल्यात. मातीच्या."

"म्हणून!" ओयदिन जवळजवळ ओरडली. "म्हणून हिवाळाभर वाडगे होईनात! मी गिऱ्हाइकांना सांगतेय भट्टी आजारी आहे!"

"मातीच्या नळ्या," ओरिफ म्हणाला. "या काळात."

"तू लोकांच्या तोंडात काय बसवतोस, दादा? चिनी मातीच ना?"

दाराबाहेरून आत्यांच्या हसण्याचा आवाज आला. त्या सगळं ऐकत होत्याच. पण हसू ओसरल्यावर त्यांनी काठी आपटली. "दात काय ते बसवा. पण माझ्या बापाच्या उंबऱ्याला हात लावायचा नाही. उंबरा गेला की बरकत घरात राहील कशाला? वाहत जाईल पाटात, तुझ्या नळीतून."

"घ्या," ओरिफ खूश होऊन म्हणाला. "आत्याही माझ्याच बाजूच्या."

"मी तुझ्या बाजूची नाही, उंबऱ्याच्या बाजूची आहे. मुतबरला नेतो म्हणालास तर पहिल्यांदा तुलाच उंबऱ्याबाहेर ठेवीन."

म्हणजे उंबरा उंचच राहायला हवा, मुतबरही इथेच राहायला हवी, आणि ती बाहेरही यायला हवी. मुतबरला वाटलं, या गणिताला उत्तर नाही असं नाही; फक्त ते वन्संना स्वतःला सापडायला हवं. सांगितलेलं उत्तर मुलं रात्रीतून विसरतात.

"वन्सं, एक शंका आहे," ती दाराकडे खुर्ची वळवून म्हणाली. "मी सून म्हणून आले तेव्हा तुम्हीच शिकवलं होतंत. उंबऱ्यावर काय ठेवायचं नाही?"

"पाय. हे काय विचारणं झालं?"

"आणि चाक?"

आत्यांनी पियाला तोंडाला लावला आणि चहा संपला होता तरी बराच वेळ तसाच ठेवला.

"चाकाबद्दल," त्या शेवटी म्हणाल्या, "आमच्या वेळी कोणी काही सांगितलं नव्हतं." आणि काठी टेकत घरी निघून गेल्या.

ओरिफने हात पुसले. "ठीक आहे. उद्या हशर करा, श्रमदानाला बोलवा सगळ्या मोहल्ल्याला. मीही राबतो. पुढच्या रविवारी मी परत येईन. आई कोणाचाही हात न लागता या दारातून बाहेर आली, आणि आत पाण्याचा थेंब आला नाही, तर मी ताश्कंदचं नाव काढणार नाही. नाहीतर आई माझ्याबरोबर गाडीत. कबूल?"

सगळ्यांनी मुतबरकडे पाहिलं. तिला इक्बोलचा तो पांढरा पडलेला चेहरा आठवला. ओयदिनची कवायत आठवली. मुलांच्या पाठीवर पेटारा होऊन राहायचं तर त्यापेक्षा लिफ्ट बरी, असं तिलाही कधी कधी वाटत होतंच. म्हणून तर या पैजेची तिला भीती वाटली. हरली असती तर ती खरंच गेली असती.

"कबूल," ती म्हणाली.

*

शनिवारी सकाळी पहारी-फावडी घेऊन माणसं जमली तेव्हा सगळ्यांच्या आधी आत्या येऊन उंबऱ्यासमोर उभ्या होत्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. त्यांनी काठीने उंबऱ्याला हलकेच स्पर्श केला, म्हाताऱ्या बैलाला थोपटावं तसा.

"जागेवरून हलवायचा नाही," त्या म्हणाल्या. "पण बसवायचा. खाली, जमिनीच्या बरोबरीला. म्हातारा झालाय बिचारा. किती दिवस उभा राहणार?"

इक्बोल आ वासून बघत राहिला. "आत्या! मग बरकत?"

"बरकत बसलेल्या माणसाकडेही राहते. तुझ्या आईकडे बघ."

आत मुतबरने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

लाकूड निघालं, त्याखाली आत्यांनी मूठभर गहू टाकले, आणि ते पुन्हा बसलं, या वेळी घराच्या जमिनीला समपातळीत. दाराच्या फळीला खालून रबराची पट्टी लागली. धूळ नको म्हणून मुतबरला मागच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. तिथे तिला फक्त आवाज येत होते: फावड्यांचे, हशाचे, कढईत परतल्या जाणाऱ्या गाजरांचे. इक्बोल फाटकाशी पालथा पडून पाटाच्या तोंडाशी नळी जोडत होता. दारापाशी काँक्रीट घालायचं काम ओरिफकडे आलं.

ओरिफने पातळीची दोरी बांधली होती, उतारही बरोबर धरला होता. चराच्या जागी फळी उभी केली होती. काम उरकत आलं आणि पुलाव तयार झाल्याची हाक आली. तेव्हा मोहल्ल्यातले सगळ्यात वडीलधारे हिकमतबुवा पुढे झाले. "बाईंच्या घरचं काम. माझा हात लागायला हवा," असं म्हणून त्यांनी बिस्मिल्ला केलं आणि एक फावडं काँक्रीट टाकलं. त्यांनी टाकल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने टाकलं. मग नानवाल्याने. मग शाळेच्या शिपायाने. पुण्याच्या कामातून कोणी मागे कसं राहणार? प्रत्येक जण बाहेरच्या बाजूने यायचा आणि पायाशीच फावडं रिकामं करायचा. दोरी केव्हा गाडली गेली ते कळलंसुद्धा नाही. आणि नको म्हणायचं कोणी, ओरिफने? बुवांना? त्याने थापी घेतली आणि सगळं इतकं गुळगुळीत केलं की जेवताना तीनतीनदा उठून बघून आला.

"दातासारखं झालंय," तो म्हणाला.

*

रविवारी पहाटे ओयदिन नेहमीसारखी उठली. अंगण झाडलं, बादली भरली. घरची सून पहाटे अंगणात पाणी मारते. त्याशिवाय घराला जाग आली असं कोणी म्हणत नाही. शिवाय नवं काँक्रीट, त्यालाही पाणी हवंच. तिने हात सैल सोडून सढळ पाणी मारलं.

आत मुतबर नुकती खुर्चीत बसली होती. दाराखालून काहीतरी काळसर जिभेसारखं पुढे आलं. रबराच्या पट्टीखालून सरकलं, गालिच्याच्या झालरीला लागलं आणि गालिचा तहानलेला असावा तसं ते पीत गेला. मग ते तिच्या चाकाशी येऊन थांबलं.

"ओयदिन," तिने शांतपणे हाक मारली. "बाळ, अंगण आत आलंय."

पुढच्या घटकेत घरात गोंधळ माजला. गालिचा ओढून बाहेर, उशा खिडकीत. इक्बोलने दारासमोर गुडघे टेकले आणि हाताने चाचपलं. "चर कुठे आहे? दादा, चर कुठे आहे?"

ओरिफ अंगातल्या बनियनवर उभा होता. "फळी होती. मी जेवायला बसलो तेव्हा होती."

"बुवांनी काढली," ओयदिन हळूच म्हणाली. "मी पाहिलं. म्हणाले, पोरांनी घाईत भेग ठेवली, बाईंच्या दारात अशी भेग बरी दिसत नाही. आणि भरली. किती प्रेमाने भरली. मला वाटलं, तसंच असेल."

मग ओरिफ म्हणाला, "आई, आता तूच बघ." त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मुतबरने नोंदवलं. तो थापी घेऊन उभा होता, रात्रभर हातातून सुटली नव्हती जणू.

"अजून कच्चं आहे," इक्बोल घाईघाईने कुजबुजला. "आत्ताच्या आत्ता फोडतो. लोक उठायच्या आत. कोणाला सांगायचं नाही."

"पहारीचा आवाज काय कोंबड्याचा म्हणून खपवणार?" ओयदिन म्हणाली. "ज्यांनी बिस्मिल्ला म्हणून टाकलं, त्यांना न विचारता फोडायचं? बुवा आयुष्यात पुन्हा या दारात येणार नाहीत."

"मग काय, पाण्यात राहायचं?"

"बोलवा सगळ्यांना," मुतबर म्हणाली. "न्याहारीला. कालचा पुलाव आहे, मुळा चिरा. आणि ओरिफ, त्या डब्यातला एक अक्रोड दे मला. गोल बघून दे."

*

सगळे आले. काम छान झाल्याची दाद मिळणार म्हणून स्वच्छ टोप्या घालून आले. दोघातिघांना सोडलं तर सगळे कधी ना कधी मुतबरच्या वर्गात बसलेले. हिकमतबुवा त्या दोघातिघांतले. ते तिच्या सासऱ्यांचे दोस्त. आत्या आपल्या बाकावर होत्या. मुतबर दाराच्या आत, उघड्या दारात खुर्चीवर.

"बसा," ती म्हणाली, आणि पन्नाशीची माणसं खाली बसली; बुवा तेवढे उभे राहिले. "काल तुम्ही सगळ्यांनी हात लावलात. माझ्यावर कर्ज झालं. आज एक खेळ खेळू या. बुवा, हा अक्रोड घ्या. उभे आहात तिथेच, काँक्रीटच्या काठावर ठेवा आणि हात काढा. ढकलायचा नाही. तो कुठे जाईल?"

"कुठे म्हणजे? बाहेर, अंगणात. उतार केलाय ना."

"ठेवून बघा."

बुवांनी अक्रोड ठेवला. अक्रोड जरा थबकला, विचारात पडल्यासारखा. मग वळला, टक्-टक् करत दाराकडे निघाला, बसलेल्या उंबऱ्यावरून गेला आणि मुतबरच्या चाकावर येऊन आपटला.

"या," मुतबर अक्रोडाला म्हणाली. "पाहुणे आले. बसा."

मांडवाखाली हशा पिकला. बुवा हसले नाहीत. त्यांनी अक्रोड परत मागितला, पुन्हा ठेवला. अक्रोड पुन्हा आत आला. मग त्यांची नजर उन्हात वाळत घातलेल्या गालिच्याकडे गेली आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"इथे एक भेग होती," ते सावकाश म्हणाले.

"होती, बुवा."

"ती पाण्यासाठी होती."

"हो."

"मी भरली." बुवांनी दाढीवरून हात फिरवला, आणि ओरिफकडे वळले. "मग तू कशाला थापी फिरवत बसला होतास? तोंड होतं ना तुला?"

"बुवा, तुम्हाला नको कसं म्हणणार?"

"तुझ्या दुकानात मी दात काढायला आलो आणि चुकीचा दात दाखवला, तर तू तो काढशील?"

"नाही."

"मग! खड्डा दिसला की भरायचा, हे मी तुझ्याकडूनच शिकलो. माझ्या दाढेत तूच भरलंयस." आता मात्र बुवा स्वतःच हसायला लागले, आणि ते हसले म्हणताना सगळ्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. "पहार कुठे आहे? आण इकडे. मी भरलं, पहिला घाव माझा."

कच्चं काँक्रीट भाकरीसारखं तुटलं. नवा माल कालवेपर्यंत दुपार झाली, आणि मग तीच अडचण पुन्हा उभी राहिली. नानवाला फावडं घेऊन पुढे सरकला, शिपाई त्याच्या मागे. पुण्य तर सगळ्यांनाच हवं होतं.

"थांबा," मुतबर दारातून म्हणाली. आज तिला कोणी मागच्या खोलीत नेऊ शकलं नव्हतं. "पुण्य हातगाडीत टाका."

"म्हणजे, बाई?"

"म्हणजे एकेक जण बिस्मिल्ला म्हणून आपापलं फावडं इक्बोलच्या हातगाडीत रिकामं करेल. हातगाडीतून खाली किती टाकायचं ते दोरी ठरवेल. देवाला हिशेब कळतो, दोरीला कळत नाही."

तसंच झालं. एकाचंही फावडं वाया गेलं नाही आणि दोरी शेवटपर्यंत दिसत राहिली. या वेळी चराच्या फळीजवळ ओरिफ स्वतः मांडी घालून बसला, आणि जो कोणी वाकून बघायचा त्याला म्हणायचा, "भेग आहे. हवी आहे. हात लावाल तर दात काढीन." संध्याकाळी गाडीत बसताना तो मात्र गंभीर झाला. "पुढचा रविवार, आई. बोलणं ते बोलणं."

"मी काही म्हटलं का?" मुतबर म्हणाली.

*

आठवडाभर अक्षरं गिरवायला येणाऱ्या मुलांनी काँक्रीटला पाणी पाजलं आणि त्यावर कोणाला पाऊल ठेवू दिलं नाही. मुलं मागच्या, उंच पायऱ्यांच्या दाराने आत यायची. शनिवारी लोहाराने जाळी आणून बसवली. इक्बोलने तिच्यावरून पुढचं चाक इतक्या वेळा फिरवलं की लोहार म्हणाला, "बस कर, झिजेल."

रविवारी ओरिफ आला तेव्हा फाटक सताड उघडं होतं आणि पाटाच्या काठावर मुलांची रांग लागली होती.

"हे काय चाललंय?"

"पाणी यायची वाट बघताहेत," ओयदिन म्हणाली. तिने दोन्ही हातांत बादल्या घेतल्या होत्या. सासूकडे पाहून तिने मान हलवली आणि पहिली बादली दाराच्या तोंडाशीच ओतली. मुद्दाम, जितक्या आडमुठेपणाने ओतता येईल तितक्या.

पाणी दाराकडे झेपावलं, आणि जाळीपाशी नाहीसं झालं. क्षणभर काहीच नाही. मग अंगणाखालून गुळण्या केल्यासारखा आवाज निघाला, दूर गेला, आणि फाटकापलीकडे पोरांनी एकच गिल्ला केला: "आलं! बाई, आलं!"

दुसरी बादली ओरिफने ओतली. त्याने वाकून उंबऱ्याच्या आत बोटाने चाचपलं. बोट कोरडं होतं. तो बाजूला झाला.

आता मुतबर. तिने चाकांवर हात ठेवले, तोच चारी बाजूंनी हात पुढे आले: इक्बोलचे, ओरिफचे, नानवाल्याचे, बुवांचेसुद्धा.

"हाताची घडी!" ती कडाडली. "तोंडावर बोट!"

सगळ्यांच्या हातांची आपोआप घडी झाली. बुवा तिच्या वर्गात कधी बसले नव्हते, पण त्यांनीही घातली.

मुतबरने एक जोर दिला. पुढची चाकं तुतीच्या लाकडावर आली, गुरगुरली आणि पलीकडे गेली. मग जाळी, थोडीशी किणकिण. मग तोंडावर ऊन. खुर्ची उताराने आपणहून चालू लागली, जर्दाळूच्या गळून पडलेल्या पाकळ्यांवरून. मुतबरला फक्त हात चाकांवर अलगद टेकवून तिला आवरावं लागलं. मांडवाखाली येऊन ती थांबली आणि वळली. सगळे अजून हाताची घडी घालून उभे होते. ओरिफचे डोळे भरले होते, पण तोंडावर बोट असल्यामुळे त्याला काही बोलता येत नव्हतं.

"सुटली शाळा," ती म्हणाली, तेव्हा कुठे गलका झाला.

त्या गलक्यात एक गोष्ट फक्त मुतबरच्याच लक्षात आली. आत्या बाकावरून उठल्या होत्या. काठी टेकत दारापाशी गेल्या, इकडेतिकडे पाहिलं. मग पाय न उचलता, जमिनीवरून नुसता सरकवत, आधी उजवा, मग डावा, त्या आत गेल्या. बसलेल्या उंबऱ्यावर पाय पडू नये म्हणून तेवढं एक पाऊल त्यांनी जपून लांब टाकलं. बापाच्या घरात शिरायला त्यांना शरदापासून आज मुहूर्त लागला होता.

ओरिफने वळून पाहिलं. दारात नाही, बाकावर नाही. "आत्या कुठे?" मग त्याला आतल्या गादीवर, भावाच्या, म्हणजे ओरिफच्या वडिलांच्या, रिकाम्या जागेशेजारी, पाय पसरून बसलेल्या आत्या दिसल्या. त्याने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, जमिनीशी बसलेल्या उंबऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरच तो.

"आत्या! हिवाळाभर तू त्या थंडीत... गुडघे... आणि आम्हाला सांगितलंस धूर लागतो!"

"लागायचाच," आतून उत्तर आलं. "आता गेला. आणि तू आरडाओरडा करू नकोस, भट्टी आजारी पडेल. चहा आणा कोणी तरी!"

ओरिफ आईजवळ येऊन तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला. "तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"तुला पहिलीत 'र' काढता यायचा नाही," मुतबर म्हणाली. "मला पहिल्या दिवशी कळलं होतं. पण तू वही लपवायचास, म्हणून मी वाट बघितली." तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली. "आणि गाडीत पुढची जागा रिकामी जाईल, तर इक्बोलच्या नळ्या घेऊन जा. ताश्कंदला दाखव लोकांना."

"घेऊन जातो," ओरिफ म्हणाला. "असा एक उतार माझ्या दारासाठीही बनवायला सांग. आमच्याकडे लिफ्टपर्यंत पाच पायऱ्या आहेत. मी कधी मोजल्याच नव्हत्या."

मांडवाखाली चहा तयार होता. ओयदिनने सवयीने पियाला उचलायला हात पुढे केला.

"बस गं," मुतबर म्हणाली.

तिने स्वतः चहा ओतला, कडक. मांडीवर एक फळी घेतली, पियाला तिच्यावर ठेवला आणि चाकांना हात घातला. आता चढ होता, पण इतका सोपा, की श्वास तेवढा जरा मोठा झाला. जाळी किणकिणली. उंबरा गुरगुरला. अंगणात सगळे पियाल्याकडे टक लावून बघत होते.

उंबऱ्यावरून पियाला द्यायचा नाही, हा कायदा होता. मुतबरने तो दिला नाही. ती तो घेऊन आत गेली, नणंदेच्या गादीला चाक लावलं आणि मग हातात दिला.

आत्यांनी पियाल्याच्या काठाभोवती बोट फिरवलं, फळीकडे निरखून पाहिलं. मग एक घोट घेतला.

"सांडला नाही," त्या म्हणाल्या.

"उतार बरोबर आहे, वन्सं."

"आणि फिका नाही." आत्यांनी तिच्याकडे सरकून जागा केली, जणू ती अजून खुर्चीतून उतरून शेजारी बसणार होती; मग हसून तिचा हात हातात घेतला, आणि इतक्या महिन्यांची राहिलेली गळाभेट दोघींनी तिथेच, घराच्या आत, अगदी कायदेशीर उरकून घेतली.